रुमालाखालची तीन बोटं

हसन, तुझ्या मय्यतीला मी भांडायला आलो होतो.

तुझ्या भावांनी मला खांदा द्यायला जागा करून दिली. मान खाली होती म्हणून त्यांना वाटलं मी रडतोय. मी दात खात होतो. नऊ वर्षं तू माझा हात धरून ठेवलास आणि सौदा पुरा व्हायच्या आधी उठून गेलास. वाशीच्या बाजारात असं कोणी केलं असतं तर मी त्याला पेट्यांच्या थप्पीखाली गाडला असता. तुला मात्र मूठभर माती दिली आणि परत आलो.

आमच्या आंब्याच्या धंद्यातला रुमाल तुला ठाऊक होता. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी त्यांना काही कळत नाही. जो शब्द देतो तो रुमाल काढतो, आणि एकदा काढला की तो भाव बदलत नाही. माझा बाप पेट्या उचलायचा. मी पेट्या ठोकण्यापासून सुरुवात केली आणि पावस गावात स्वतःची बाग उभी केली, ती याच रुमालाच्या जोरावर. मी लोकांच्या गचांड्या धरल्या असतील, आया-बहिणी काढल्या असतील, पण रुमालाखाली दिलेला शब्द मोडला नाही. एकदाच मोडला. तो तुला दिलेला होता.

तुझं-माझं भांडण सुरू झालं कुत्र्यांच्या पिक्चरवरून. अठ्ठ्याण्णव साली तू केबल टाकलीस आणि रविवारी दुपारी दोन वाजता तुझ्या स्वतःच्या चॅनेलवर कुत्र्याचा पिक्चर लावायला लागलास. दर रविवारी कुत्रा. बर्फातून टपालाची पिशवी ओढणारा लंगडा कुत्रा, म्हाताऱ्या बाईच्या घरी राहायला आलेला चोराचा कुत्रा, मेंढपाळाच्या घरचा तांबडा कुत्रा. सगळे परदेशी पिक्चर, हिंदीत बोलणारे. कुठून कॅसेटी गोळा करायचास कोण जाणे. घरोघरी जेवणं आटपून माणसं बसायची. आजोबा, सुना, पोरं, सगळी. माझ्या घरी मनू, माझी लेक, तेव्हा आठ वर्षांची, पहिल्या रांगेत.

मला कारण माहीत होतं. तुला लहानपणापासून कुत्र्यांचं वेड, आणि तुझ्या अम्मीला उंबऱ्याच्या आत कुत्रा चालायचा नाही. पाच वेळा नमाज पढणारी बाई, तिच्यापुढे तुझं काय चालणार? म्हणून तू कुत्रे पडद्यावर पाळलेस.

पण तुझी एक खोड होती. त्या पिक्चरांत शेवटी कुत्रा मरतो. तू मरू द्यायचा नाहीस. दुकानात दोन व्हीसीआर जोडून शेवट कापायचास. त्या मेंढपाळाच्या पिक्चरमध्ये तांबडा कुत्रा पुरात वाहून चाललेल्या मुलाला काठाला लावतो आणि स्वतः बुडतो. तू काय केलंस, तर पिक्चरच्या सुरुवातीला तो डोंगर चढून घराकडे धावत येतो, तो तुकडा उचललास आणि शेवटाला चिकटवलास. सगळ्या रत्नागिरीनं टाळ्या वाजवल्या. एकट्या मनूनं पकडलं, संध्याकाळी तू आमच्या घरी आल्यावर.

"काका, ह्याचा पट्टा कुठं गेला?"

सुरुवातीच्या त्या तुकड्यात कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. मधे कधीतरी त्याला मालक तो घालतो. तू डोकं खाजवलंस.

"नदीत व्हावून गेला, बाय."

"आणि तो पोहत आला?"

"मग! कुत्रा तो. घरचा वास सोडतोय काय?"

मनूला पटलं. मला राग आला. मी तुला म्हटलं होतं, "हसन्या, ही भेसळ आहे. पेटीत वर मोठी फळं लावून खाली बारकी भरणारे दलाल आणि तू, फरक काय? माणसाला पुरा माल द्यावा."

"बाळ्या, रविवारी पोरांना रडवायचा कशाला? सोमवारी शाळा हाय त्यांना."

"खोटं शिकवतोस."

"पिक्चर वेगळा, घर वेगळा. घरात खोटा बोललास तर मी येऊन तुझा कान धरीन."

हे तू म्हणालास. मला शब्द न् शब्द आठवतो. त्या वेळी मी हसलो होतो.

तांडेल माझ्या बागेतला कुत्रा. नाव तूच ठेवलंस, होडी हाकणाऱ्या नाखव्याचं. जीपमध्ये पुढच्या सीटवर असा ताठ बसायचा की जशी होडी त्याच्याच हुकमानं चाललीय. रोज सकाळी माझ्याबरोबर बागेत, संध्याकाळी घरी मनूच्या पायाशी. जुम्म्याची नमाज झाली की तू स्कूटर काढून बागेत यायचास. त्याच्याशी तासभर मस्ती करायचास आणि घरी जाण्याआधी विहिरीवर हात-पाय घासून धुवायचास. अम्मीला वास यायला नको. तुझा हा चोरटा संसार बघून मी तुला फार चिडवलं. त्याचा पट्टा तू मुंबईहून आणलास, चामड्याचा, पितळी बकल असलेला. त्याच्या गळ्याला सैल झाला म्हणून मनूनं खिळा ठोकून एक भोक जास्तीचं पाडलं. वाकडंतिकडं.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात डुकरांनी माझी नवी कलमं उकरली. चाळीस कलमं एका आठवड्यात. मी पिसाळलो. एका शिकाऱ्याला गाठला आणि डुकरांसाठीचे फुटणारे गोळे ठेवायला लावले, सुक्या मासळीत गुंडाळलेले. तू ऐकलंस आणि हातातला चहा तसाच खाली ठेवलास.

"डोका फिरलाय काय तुझा? तिथं मनू खेळते."

"दोनच दिवस. मग उचलायला लावतो. मनूला फाटकाच्या आत सोडत नाही."

"तांडेलला कोण सांगणार?"

"तू मला धंदा शिकवू नको. तू तुझे पिक्चर काप."

सहा गोळे ठेवले होते. शिकाऱ्यानं पाच उचलले आणि म्हणाला, सहावा डुकरानं नेला असेल. मी मान्य केलं. मी, जो वाशीत पेटीतला एक आंबा कमी असला तर पेटी तोंडावर फेकतो, मी ते मान्य केलं. कारण दुसऱ्या दिवशी गाडी भरायची होती.

शुक्रवार होता. तू नमाजेहून आलास, पांढऱ्या कुर्त्यात. आवाज झाला तेव्हा आपण दोघं बागेतल्या खोपीच्या, मांगराच्या दारात उभे होतो. तांडेल बागेच्या दगडी गडग्याआडून आला तो स्वतःभोवती गोल फिरत. खालचा जबडा नव्हता. ओरडायला तोंडच नव्हतं, नुसता श्वास घरघरत होता. आणि तरी तो आपल्याकडेच येत होता. शेपटी हलत होती, हसन. ते मला कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, पिक्चर आहे.

तू जमिनीवर बसलास आणि त्याला मांडीवर घेतलास. मी म्हटलं, "सोड, बाजूला हो." तू म्हणालास, "मी धरतो. तू कर." माझ्या हातात फांद्या छाटायचा कोयता होता. पहिला घाव चुकला. माझा घाव कधी चुकत नाही. तो चुकला, आणि त्याची मान तुझ्या हातात उसळली, आणि तू ओरडलास, "नीट मार, हरामखोरा!" दुसरा नीट बसला. तू हात सोडले नाहीस. तुझा पांढरा कुर्ता छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल झाला होता.

जांभ्याच्या गडग्याला लागून आपण त्याला पुरला. पट्टा तू काढून घेतलास. विहिरीवर तू कितीतरी वेळ अंग घासत होतास. माझी लुंगी आणि सदरा घालून तू घरी गेलास, पण त्याच्या आधी आपला सौदा झाला.

मी म्हटलं, "मनूला सांगायचं नाही."

"मी नाय सांगत. तुझा तू सांग."

"सांगेन कधीतरी."

"कधीतरी नाय." तू पंचा उचललास, ओला, आणि आपल्या दोघांच्या हातांवर टाकलास. चेष्टेत तू नेहमी तसं करायचास, कोणी चहा पाजायचा हे ठरवायलासुद्धा. त्या दिवशी तू हसत नव्हतास. आत माझं एक बोट दाबलंस. म्हणजे एक दिवस. मी पाच दाबली. तू मान हलवलीस आणि तीन दाबलीस. मग मीही तीन दाबली.

"काढ रुमाल," तू म्हणालास.

मी काढला नाही. तू हळूच तुझा हात बाहेर घेतलास, आणि तो ओला पंचा माझ्या मुठीवर तसाच राहिला.

संध्याकाळी मनूनं विचारलं, तांडेल कुठाय? मी जीपमधून उतरतानाच बोलून गेलो, "हसनकाकानं बागेचं फाटक उघडं टाकलं. पळाला." तोंडातून आलं. मी भाव करणारा माणूस, समोरच्यानं विचारायच्या आत माझं उत्तर तयार असतं. ती म्हणाली, "येईल. तो पिक्चरमधला पण आला होता ना, नदीतून." आणि घराच्या फाटकावर जाऊन बसली.

तीन दिवस झाले. दहा झाले. शाळा सुरू झाली. शाळेतून आली की दप्तरासकट फाटकावर. तुझ्याकडेही गेली होती ती. "काका, तुम्ही फाटक उघडं टाकलंत?" तू काय म्हणालास ते तिनंच मला सांगितलं. तू म्हणालास, "बाबांना विचार, बाय." नाही म्हणाला नाहीस. हो म्हणाला नाहीस. दोन दिवसांनी तू आंब्याच्या गोदामात मला गाठलंस. लोकांसमोर काही बोलला नाहीस, नुसती तीन बोटं दाखवलीस. मी तुझ्याकडे पाठ केली.

मग जूनमधल्या एका रविवारी तू तो मेंढपाळाचा पिक्चर पुन्हा लावलास. पुरा. न कापता.

मी घरीच होतो. कुत्रा बुडाला. मुलगा काठावर बसून राहिला. नदीत पट्टा तेवढा अडकलेला दिसला, आणि संपला पिक्चर. शेजारच्या घरातून पोरांचं रडणं ऐकू आलं. मला कळलं, तू मला ढकलतोयस. तिला तू काही सांगितलं नाहीस, शब्द पाळलास, नुसता मला तिच्यासमोर उभा केलास. ती माझ्याकडे वळेल, विचारेल, आणि मी सांगेन, असा तुझा हिशेब. पण मनू वळली ती लाल डोळ्यांनी, आणि म्हणाली, "हसनकाका वाईट आहेत. आधी तांडेलला घालवलं, आता ह्यालापण मुद्दाम मारलं. आधी तो जिवंत होता, मी बघितलाय."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी मी पेटीची फळी उचलली आणि तुझ्या दुकानात आलो.

फळीला खिळा होता. मला माहीत होतं. आधी काच फोडली, मग व्हीसीआर, मग तुला. तू हात वर केलास तो फक्त तोंडावर. एकदाही उलटा मारला नाहीस, आणि त्यानं मी आणखी पेटलो. दोन दात पडले तुझे. दंडावर खिळ्यानं ओढलेली ती लांब खूण मरेपर्यंत होती, मय्यतीच्या आधी अंघोळ घालताना तुझ्या भावांनी पाहिली असेल. बाहेर माणसं जमली. तुझ्या मोहल्ल्यातली धावत आली, माझ्या आळीतली धावत आली, आणि कोणीतरी ओरडलं, "कोण हाय रे तो? कुणातला हाय?" तो प्रश्न कुठं जाणार ते तुला कळलं. मला कळलं नाही, माझ्या डोळ्यांत रक्त होतं. तू उठलास, तोंडातून रक्त गळतंय, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून दारात आलास.

"कोण नाय. आमचा घरातला भांडण हाय. तमाशा हाय काय हितं? जावा आपापल्या घरी!"

गर्दी हटली. तू माझ्या कानाशी म्हणालास, "सांगितलास काय तिला?"

मी फळी टाकून निघून आलो. त्या दिवशी तू शहर वाचवलंस की मला, हे मी कधी विचारलं नाही. उपकार मानायची मला सवय नाही. मला फक्त एवढंच डाचत राहिलं, की हा माणूस मार खाऊनही वर राहतो. सौद्यात समोरच्यानं आवाज चढवला की मी जिंकतो. तू आवाज चढवलाच नाहीस.

त्यानंतर तू कुत्र्याचा पिक्चर कधी लावला नाहीस. लोकांनी विचारलं तर म्हणायचास, टेप घासल्या. माझ्या घरची केबल बंद पडली की स्वतः खांबावर चढायचास, आणि मनू खिडकी लावून घ्यायची. तुला ते वरून दिसायचं. मी पडवीत पेपर वाचत असायचो. नऊ वर्षं, हसन. एका माणसानं दुसऱ्याच्या पापाखाली नऊ वर्षं उभं राहायचं, आणि त्या दुसऱ्यानं पेपर वाचायचा.

इस्पितळात आजारानं तू अर्धा उरला होतास. मनूनंच मला गाडीनं आणलं, पण ती वॉर्डच्या बाहेर थांबली. तू डोळे उघडलेस.

"मनू आली काय?"

"बाहेर आहे."

"आत नाय येणार?"

तू चादरीखालून हात सरकवलास आणि माझा हात आत ओढलास. बोटांत जोर नव्हता. पण मोजून तीन दाबलीस. मी हात ओढून घेतला आणि म्हटलं, "बरा हो आधी, मग भांडू." दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या भावाचा फोन आला, तू गेलास.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी जियारतीच्या दुआला आलो. सगळे गेल्यावर तुझ्या बायकोनं, शमीमभाभीनं, बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला.

"भावजी, ह्यांच्या दुकानातल्या कपाटात व्हता. आत कुत्र्याचा पट्टा हाय. आमच्यात कुत्रा कदी व्हता? धुवून, तेल लावून ठेवलेला. कुणाचा हाय?"

मी म्हटलं, "माझा."

घरी आलो. दुपार होती. मनू पडवीत कॉलेजची पुस्तकं घेऊन बसली होती. अठराची झाली आता, हसन. रागानं माझ्यावर गेलीय. मी तिच्यासमोर बसलो आणि खांद्यावरचा रुमाल काढला.

"हात दे."

"कशाला? मला काय विकताय?"

"दे म्हणतो ना."

तिनं हसत हात पुढे केला. मी रुमाल टाकला आणि त्याखाली पट्टा तिच्या हातात दिला. ती चाचपत होती. बकल. चामडं. मग तिचं बोट त्या वाकड्या भोकापाशी थांबलं. हसू गेलं.

मी सांगितलं. गोळे कोणी ठेवले, सहावा कोणी मोजला नाही, कोयता कोणाच्या हातात होता आणि मान कोणी धरली होती. फाटक बंद होतं, हेही. सांगून झाल्यावर मी रुमाल काढला.

ती पट्ट्याकडे बघत होती. तिनं एकच विचारलं.

"मी काकांना काय समजत होते, ते त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही बघत बसलात."

पट्टा केव्हा फिरला ते मला दिसलं नाही. बकल भुवईवर बसलं आणि डोळा रक्तानं भरला. चांगला घाव होता. माझ्यासारखा चुकला नाही. ती पट्टा मुठीत घेऊन अनवाणी रस्त्यावर उतरली आणि तुझ्या घराच्या दिशेनं चालू लागली. मनूची आई ओरडत आली. मी म्हटलं, जाऊ दे तिला.

तासाभरानं भाभीचा फोन आला.

"भावजी, पोरगी आलीय. माझ्या गळ्यात पडून नुसती हुंदके देते. आता म्हणते, काकांचा तो नदीचा पिक्चर लावा. हितं दोन कॅसेटी हायत. एकीवर ह्यांनी लिवलाय 'गावाची', दुसरीवर लिवलाय 'बाळ्याची'. कुठली लावू?"

नऊ वर्षांपूर्वी मी तुझा व्हीसीआर फोडला, आणि तू न कापलेल्या कॅसेटवर माझं नाव लिहून ठेवलंस. पुरा माल मागणारा बाळ्या.

"तिलाच विचार," मी म्हटलं.

भाभीनं विचारलेलं ऐकू आलं, आणि मागून मनूचा आवाज, नाक चोंदलेला.

"बाबांची लावा."

फोन ठेवला तेव्हा रुमाल माझ्या भुवईवर दाबलेला होता आणि रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं. तुला जाऊन त्या दिवशी तीन दिवस झाले होते. मुदत पाळली म्हणायचं असेल तर म्हण. नाहीतर ये, आणि भांड माझ्याशी.